पेटीमागची जागा

मुलुंडच्या पाच रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या अमोलिकांच्या घरात त्या शनिवारी सकाळी कुकरची दुसरी शिटी झाली होती, प्रीतमराव पेपरातल्या शब्दकोड्यात अडकले होते आणि मालन काळ्या मनुकांचं पातेलं ढवळत होती.

महिन्याचा पहिला रविवार उद्यावर आला की या घरात मनुका शिजतात. रात्री भिजत घालायच्या, सकाळी मंद आचेवर मऊ होऊ द्यायच्या, कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यात घालून पिळायच्या. जो दाट, जांभळट रस निघतो तो चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर जातो. लोक रांगेने पुढे येतात, पाळकसाहेब पावाचा तुकडा देतात आणि पाठोपाठ इवल्याशा काचेच्या पेल्यातून हा रस. प्रभूने आपल्यासाठी देह दिला, रक्त सांडलं, त्याची ही आठवण. दुसऱ्या चर्चमध्ये काय वापरतात ते वापरोत, मालनच्या मंडळीत पहिल्यापासून हा घरचाच रस, आणि गेली कित्येक वर्षं तो मालनच्याच हातचा.

“अहो, आ करा.”

प्रीतमरावांनी कोड्यावरची नजर न काढता आ केला. मालनने चमच्यावर फुंकर मारून तो त्यांच्या तोंडात घातला.

“गोड झालाय?”

“झकास.”

“दर महिन्याला झकासच म्हणता.”

“मग स्वतः चाख ना.”

“माझ्या जिभेला नाही कळत,” असं म्हणून मालन परत ओट्याकडे वळली. हेही दर महिन्याचंच उत्तर होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

बेल नाही वाजली. बेल होती, चांगली चिमणीसारखी चिवचिवणारी, मुलाने मागच्या नाताळात बसवलेली. पण कुणीतरी बेलकडे न बघता बोटांच्या पेरांनी दारावर ठेका धरला होता. टक्-टकटक. टक्-टकटक. भजनाचा ठेका.

मालनच्या हातातला चमचा पातेल्यात पडला. असं दार वाजवणारी बाई तिच्या ओळखीत एकच होती, माणिक वैरागर. आणि माणिक या दारात येणं शक्य नव्हतं. पायात चप्पल नव्हती तरी मालनला आपण कुठेतरी लांब चालत निघाल्यासारखं वाटलं, आणि तिने दार उघडलं.

दारात माणिक नव्हती. माणिकची हनुवटी होती, माणिकचे टपोरे डोळे होते, पण अंगात जीन्स आणि कुर्ता, आणि खांद्याला ऑफिसची बॅग.

“सलाम, मालनमावशी! ओळखलंस?”

“ऋता? अगं, ऋताच ना तू!”

“मग काय! सलाम काका. काय वास सुटलाय गं! मनुका ना? अजून तूच करतेस? मला वाटलंच होतं!” ऋता आत आली ती वारं आल्यासारखी. बॅग सोफ्यावर, ओढणी खुर्चीवर, आणि दोन्ही हात मालनच्या गळ्यात. “मावशी, माझं लग्न ठरलंय!”

मग पुढची पाच मिनिटं एकटी ऋताच बोलली. मुलगा नाशिकचा. हाडं मोडलेल्या पेशंटना व्यायाम शिकवतो. गातो बरा, नाचतो भयंकर. तिच्यापेक्षा दोन बोटं बुटका आहे, म्हणून ती लग्नात सपाट चपला घालणार, “आणि त्याला सांगायचं नाही हं, त्याला वाटतंय मला सपाट आवडतात!” प्रीतमराव शब्दकोडं विसरून हसायला लागले. आणि लग्न कुठे? “इथेच गं, मुलुंडला, आपल्या चर्चमध्ये! माझा बाप्तिस्मा इथला, लग्नही इथेच. मी हट्टच धरला. उद्या पहिली घोषणा आहे.”

लग्न ठरलं की त्यांच्याकडे तीन रविवार भर उपासनेत पाळकसाहेब दोघांची नावं वाचून दाखवतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. त्याला घरची माणसं नटूनथटून येतात.

“म्हणजे उद्या तुम्ही येणार?” मालनचा आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला. “आईपण?”

“आई तर येणारच! आणि मावशी, मी कशाला आलेय ते ऐक. कीबोर्डवाला मला नकोय. ते मोबाईलवर ट्रॅक लावतात ते तर नकोच नको. मी चर्चच्या दारातून आत पाऊल टाकेन तेव्हा मला तुझी पेटी ऐकायचीय. लहानपणी मी तुझ्या बाजूला बसून भाता मारायचे, आठवतं? तू ओरडायचीस, अगं हळू, पेटीचा जीव जाईल!”

“आईने पाठवलं तुला?”

ऋता पहिल्यांदाच थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “नाही. आईला माहीत नाही मी आलेय ते. ती म्हणाली, मालनला विचारू नकोस, तिला वेळ नसतो.”

प्रीतमरावांनी पेपराची घडी घातली.

“टोमणा नाही हं मारला तिने,” ऋता घाईने म्हणाली. “म्हणजे कसं, आज पाणी येणार नाही असं आपण म्हणतो ना, तसं म्हणाली.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. मालन तशीच उभी राहिली, आणि किती वेळ राहिली कोण जाणे, कारण समोरच्या घरातून उत्तराताईंची मालवणी हाक आली तेव्हाच ती भानावर आली.

“काय गो मालन! काय जळता तुझ्याकडे?”

मनुका! मालन धावली. पातेल्याचा तळ कोळसा झाला होता. वर थोडा काळा पाक बुडबुडत होता आणि त्यात तो चमचा उभा होता.

“वाट लागली,” प्रीतमराव दारातून डोकावत म्हणाले.

उत्तराताई पदराने नाक झाकत आत आल्या, पातेलं बघून हळहळल्या. “उद्या तुमच्या देवाचा असा ना? मी देतंय थांब. सत्यनारायणाच्या शिऱ्याक आणलेले बेदाणे आसत.”

“पिवळे नको गं, काळ्याच लागतात,” मालन म्हणाली, आणि त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघून तिला हसूही आलं आणि रडूही.

ऋताला पाळकसाहेबांना भेटायचं होतं. “अर्ध्या तासात येते, निघताना तुझा होकार घेऊन जाते,” असं सांगून ती उड्या मारत जिना उतरली. उत्तराताई गेल्या. मालन करपलेलं पातेलं घासायला बसली, आणि घासता घासता जे इतकी वर्षं तळाला लागून बसलं होतं तेही सुटायला लागलं.

गोष्ट एवढीशी होती, आणि एवढीशी म्हणूनच कुणाला सांगता येत नव्हती.

मालन आणि माणिक दोघी नगरकडच्या, दोघी लग्न होऊन मुलुंडला आलेल्या, दोघींचा सूर एक. मालनची पेटी आणि माणिकचा गळा, अशी जोडी होती. मनुकाही दोघींनी मिळून शिजवायच्या. ऋता सातवीत असताना वैरागर भाऊजी आजारी पडले, हॉस्पिटलात गेले. डिसेंबर होता. नाताळची गाणी घरोघर जाऊन म्हणायची होती, तालमी चालू होत्या. एका संध्याकाळी माणिकचा फोन आला. “मालन, येतेस का गं? नुसती बस माझ्याजवळ.”

मालनपुढे पेटी उघडी होती, सगळे जमले होते. ती म्हणाली, “उद्या येते गं, आज तालीम आहे. वेळच नाही बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरून निघतच होती, तोवर भाऊजी गेल्याचा निरोप आला.

दफनाच्या उपासनेत तिने पेटी वाजवली. पेटीमागे बसलं की कुणाच्या गळ्यात पडावं लागत नाही. आणि पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब नेहमीचं वाक्य म्हणाले, कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी जाऊन मिटवा आणि मग मेजाकडे या. लोक उठले. मालन उठली नाही. तिची बोटं पट्ट्यांवर फिरत राहिली. रांग संपेपर्यंत पेटी वाजतेच, त्यामुळे वाजवणारीने शेवटी धावत जाऊन पेला घेतला की नाही, हे बघायला कुणाला सुचत नाही.

त्या रविवारी ती घरी येऊन रडली. दुसऱ्या महिन्यात तिने ठरवलं, या आठवड्यात माणिककडे जायचंच. तिसऱ्या महिन्यात माणिक मुलीला घेऊन जोगेश्वरीला भावाच्या शेजारी राहायला गेली, आणि मालनला, देव क्षमा करो, हायसं वाटलं.

मग काय? दुखरा दात असला की माणूस दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो. मी चुकले म्हणून मेजापासून लांब राहते, ही माझी शिक्षा, असं ती सुरुवातीला मनाशी म्हणे. पुढे शिक्षा राहिली नाही, जागा झाली. पेटीमागची छान उबदार जागा, गुडघ्यांना त्रास नको म्हणून महिला मंडळाने तिथे उशीपण शिवून घातली. लोक म्हणत, मालनबाई म्हणजे आपल्या मंडळीचा खांब. आता खांबाला कोण विचारतं, बाई गं, तू जेवलीस का?

“मालन.”

प्रीतमराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात तिची पर्स आणि चपला.

“हे काय?”

“जोगेश्वरीला जायचंय ना तुला?”

“मी कधी म्हटलं?”

“तू कशाला म्हणतेस! महिन्याच्या महिन्याला चमचा माझ्या तोंडात. मी काय खुळा आहे? चर्चमध्ये मी रांगेत असतो तेव्हा पेटी थांबत नाही, ते मला ऐकू येत नाही?”

मालनच्या हातातली घासणी तशीच राहिली. “माहीत होतं तुम्हाला? आणि बोलला नाहीत?”

प्रीतमरावांनी चपला खाली ठेवल्या, ठेवून नीट जुळवल्या. “पहिल्यांदा वाटलं, तू बोलशील. मग वाटलं, कशाला उकरा. आणि खरं सांगू? पेटी ऐकत ऐकत पेला घ्यायला मला बरं वाटायचं. सोय होती माझीपण.” त्यांनी तिच्या हातातली घासणी काढून घेतली. “ऊठ आता. ती पोरगी येईल. पातेलं मी घासतो.”

“तुम्हाला येतं घासायला?”

“शिकीन. तू इतक्या वर्षांनी निघतेयस, मला एक पातेलं नाही जमणार?”

ऋता परत आली ती मालनला साडी बदलून जिन्यात उभी बघून किंचाळलीच. “तू येतेयस? आता? घरी? मावशी, आई मला मारेल! नाही मारणार! मारेल! चल, चल!” पाच रस्त्यावर मालनने काळ्या मनुकांची पुडी घेतली, कारण काहीही झालं तरी उद्या मेज मांडायचं होतं, आणि रिक्षात बसली.

जोगेश्वरीपर्यंतचा रस्ता मेट्रोच्या खांबांनी अडवलेला. रिक्षा पवईला थांबली, पुढे सरकली, पुन्हा थांबली. ऋता फोनवर साड्यांचे फोटो दाखवत होती. पांढऱ्यावर सोनेरी काठ की पांढऱ्यावर चंदेरी, घरात यावरून दोन पक्ष पडले होते. मालन “हे छान, हेपण छान” म्हणत होती आणि मनात वाक्य जुळवत होती. माणिक, मी तुझी अपराधी आहे. छे, हे नाटकातलं वाटतं. माणिक, मला माफ कर. एवढंच? नुसतं एवढंच म्हणायला कुणी इतकी वर्षं लावतं का? भीती तर होतीच. पण भीतीच्या खालून काहीतरी वेगळं उसळत होतं, शाळेच्या सहलीला निघताना उसळायचं तसं. आज काहीतरी होणार! चांगलं की वाईट देव जाणे, पण होणार! किती वर्षांत तिच्या आयुष्यात असं काही घडलंच नव्हतं.

गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बैठ्या इमारतीत माणिकचं घर होतं. दार उघडंच होतं. आत कॉटवर, खुर्च्यांवर, टीव्हीवरसुद्धा साड्या पसरल्या होत्या. मालनने उंबऱ्यात थांबून उघड्या दारावर बोटं आपटली. टक्-टकटक. टक्-टकटक.

“ऋते, दार उघडंच आहे ना? नाटकं कशाला?” आतून आवाज आला. तोच आवाज, खर्जात थोडा घोगरा. पाठोपाठ माणिक आली. केस पांढरे झालेले, चष्मा कपाळावर, खांद्यावर चंदेरी काठाची साडी टाकलेली. तिने मालनकडे बघितलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा बघितलं.

“वेळ मिळाला?” ती म्हणाली.

रिक्षात जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. मालनच्या तोंडून निघालं, “माणिक, मनुका जळल्या.”

“काय?”

“उद्याच्या. प्रभुभोजनाच्या. नव्या आणल्यात. तुझ्याकडे शिजवू?”

“मुलुंडहून जोगेश्वरीला मनुका शिजवायला आलीस? तुझ्याकडचा गॅस संपला?”

“नाही.”

“मग?”

ऋता दोघींकडे आळीपाळीने बघत होती. “मी, मी ना, खाली टेलरकडे जाऊन येते,” म्हणून ती सटकली, जाताना दार लोटून गेली.

माणिक स्वयंपाकघरात गेली. पाणी तापवलं, मनुका त्यात ओतल्या, वर झाकण घातलं. “रात्रभर भिजवलेल्या नाहीत, तेव्हा जरा फुगू देत,” एवढंच म्हणाली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बस म्हणाली नाही. मालनही उभीच राहिली.

“मी त्या दिवशी आले नाही,” मालन म्हणाली. “तू बोलावलंस आणि मी आले नाही. तालीम आहे म्हणाले. तालीम कुठे पळून जात होती? मला हॉस्पिटलाची भीती वाटली, भाऊजींना तसं बघायची भीती वाटली, म्हणून तालीम पुढे केली. माझं चुकलं, माणिक.”

हे शेवटचं, भीतीचं, तिने स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

माणिकने ऐकून घेतलं. झाकण उचलून आत बघितलं, पुन्हा ठेवलं.

“राग आला होता,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू. पण तो त्या दिवसाचा राग होता ना, तो वर्षभरात गेला. माणूस भितं. मीपण भ्यायले होते. पण मालन, दुसऱ्या दिवशी तू का नाही आलीस? त्याच्या दुसऱ्या? मी घर बदललं तेव्हा सामान बांधायला सगळी मंडळी आली, तू नाही आलीस. पुढे ऋताच्या दृढीकरणाला, तिने पहिल्यांदा पेला घेतला तेव्हा, आम्ही मुद्दाम मुलुंडला आलो, तू पेटीवर होतीस, मान वर केली नाहीस. एक दिवस चुकलीस ते मी कधीच सोडलं. बाकीच्या दिवसांचं काय?”

मालनचे डोळे भरले. “मी तेव्हापासून प्रभुभोजन घेतलं नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही. स्वतः रस करते, पण चाखतसुद्धा नाही. मला वाटलं, आपण त्या लायकीचे नाही. शिक्षा समज.”

तिला वाटलं होतं, हे ऐकून माणिक विरघळेल. माणिक चांगली उखडली.

“शिक्षा? कुणाला गं शिक्षा?” चंदेरी साडी खांद्यावरून घसरली ती तिने झटक्यात मुठीत धरली. “नवरा माझा गेला, आणि उपास तू केलास? त्याने माझं काय भलं झालं? मला तुझा उपास नको होता बाई, तू पाहिजे होतीस! माझ्याकडे यायला तोंड नाही, म्हणून देवाकडेही जायचं नाही, आणि मधल्यामध्ये पेटी वाजवत बसायचं. वा! शिक्षासुद्धा कशी, उशीवर बसून!”

“उशीचं तुला कुणी सांगितलं?”

“सगळं कळतं मला! मुलुंडच्या बायका काय मुक्या आहेत?”

आणि इथे काय झालं कुणास ठाऊक, पण मालनला ती उशी डोळ्यांपुढे दिसली, कडेने गुलाबी झालर लावलेली, आणि तिला हसू फुटलं. रडता रडता फुटलं. माणिकने दोन क्षण डोळे वटारून बघितलं. मग तिचीही हनुवटी हलायला लागली.

“हसतेस काय गं, निर्लज्ज!”

“झालर आहे उशीला,” मालन कशीबशी म्हणाली. “गुलाबी.”

“गुलाबी! प्रभू रे!” माणिक ओट्याला धरून खाली बसली. दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या, आणि त्यात कुणाचं हसणं कुठे थांबलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते वेगळं काढता आलं नसतं.

माफ केलं, असं माणिक शेवटपर्यंत म्हणाली नाही. मनुका शिजल्या, गार झाल्या, मालनने हाताने कुस्करल्या. माणिकने कपाटातून मलमलचा तुकडा काढला, त्यात गोळा ओतून घेतला आणि एक टोक मालनपुढे केलं.

“धर.”

पूर्वी अशाच पिळायच्या दोघी. समोरासमोर बसायचं, एकीने डावीकडे पीळ द्यायचा, दुसरीने उजवीकडे. एकटीने पिळलं की फडकं हातातून निसटतं, अर्धा रस चोथ्यातच राहतो. मालनने इतकी वर्षं एकटीने पिळला होता, आणि कमी पडतो म्हणून दर वेळी मूठभर मनुका जास्त घातल्या होत्या. आज पीळ बसला, आणि गडद रसाची धार भांड्यात पडायला लागली.

माणिकने बोट बुडवून चाखलं. “बरा झालाय. घे, चाख.”

“नको. उद्या.”

“उद्या कुठे? उद्या पेटीमागे असशील तू,” माणिक म्हणाली. फडक्याला आणखी एक पीळ देत, साधंच म्हणाली, पण सोडलं नाही. “मी येतेय ना घोषणेला. पुढून तिसऱ्या बाकावर बसणार. बघणार मी.”

“आणि लग्नात? ऋताला पेटी हवीय.”

“लग्नात वाजव की! दणक्यात वाजव. लग्नात कुठे कुणी तुला पेला देतंय.”

तेवढ्यात ऋता दार ढकलून आत आली, आणि दोघींना एकाच फडक्याला धरलेलं बघून तिने जी आरोळी ठोकली, ती ऐकून माणिकचा भाऊ शेजारच्या घरातून “काय झालं?” करत धावत आला.

रविवारी चर्चमध्ये नुसती धांदल होती. बायका माणिकच्या भोवती जमल्या होत्या, सलामांवर सलाम चालले होते. चंदेरी पक्षाचा विजय झालेला दिसत होता. ऋता लाल होऊन सगळ्यांना नवऱ्या मुलाचा तोच एक फोटो दाखवत होती. प्रीतमराव प्रत्येकाला सांगत होते, “काल पातेलं मी घासलं.” पेटी आपल्या जागी उघडी होती, उशीसकट.

मालन हातात रसाची बाटली घेऊन मागच्या खोलीत गेली. आढाव पाळक झगा चढवत होते, एक हात बाहीत अडकला होता. ते वयाने तिच्या मुलाएवढे, दोन वर्षांपूर्वीच या मंडळीत आलेले.

“या मालनबाई! वा, काय रंग आलाय आज!”

“दोघींनी पिळलाय, साहेब. मी आणि माणिकने.”

“छान, छान. बरं, रांग सुरू झाली की कोणती गीतं घेताय? आज गर्दी आहे, चार तरी लागतील. मध्ये थांबू नका हं. तुमची पेटी थांबली की लोक बावचळतात.”

बाहेर कुणीतरी घंटा द्यायला सुरुवात केली. मालनने बाटली टेबलावर ठेवली. कालची भीती आता थोडीच उरली होती. दाराच्या फटीतून तिसरा बाक दिसत होता. माणिक तिथे ताठ बसली होती, चष्मा पुसत.

“साहेब,” मालन म्हणाली, “एक मागायचं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी आज पेटी बंद राहू दे. मला रांगेत उभं राहायचंय.”